‘मारलं कोणी?’ हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये

गेल्या महिन्यात आमच्या शहरातल्या एका चित्रपट मंडळाने आकिरा कुरोसावांचा ‘राशोमोन’ दाखवला. १९५० सालचा कृष्णधवल जपानी चित्रपट, तरी सभागृह भरलं होतं. खेळानंतरची चर्चा अपेक्षित वळणाने गेली. सत्य सापेक्ष असतं, ज्याचं त्याचं सत्य वेगळं, निखळ वस्तुस्थिती असं काही नसतंच, असं एकामागून एक वक्ते सांगत होते आणि माना डोलत होत्या. मग मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. अकरावी-बारावीची असेल. तिने विचारलं, “पण मग त्याला मारलं कोणी?” सभागृहात हशा पिकला. सूत्रसंचालकांनी तिला मायेनेच समजावलं की हा चित्रपट त्या प्रश्नाच्या पलीकडे जातो. ती खाली बसली. त्या वेळी मी उठून तिची बाजू घ्यायला हवी होती. घेतली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

‘राशोमोन’ हा शब्द आता चित्रपटापुरता उरलेला नाही. दंगल होते, लाठीमार होतो, एखाद्या बाईवर अत्याचार होतो, पूल कोसळतो. दोन बाजूंची दोन विधानं आली की वाहिनीवरचा कुणीतरी विद्वान म्हणतो, हे राशोमोन आहे, प्रत्येकाचं आपापलं सत्य. मग चौकशीची निकडच सरते, आणि हे सगळं भलतं सखोल वाटतं. माझं म्हणणं असं की या वापराने त्या चित्रपटाचा अर्थच उलटा केला आहे. ‘राशोमोन’मध्ये सत्य चार नाहीत. खोटं बोलणारी माणसं चार आहेत, आणि ती का खोटं बोलतात याचा तो चित्रपट आहे. मी सव्वीस वर्षं जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली केली. जबाब, उलटतपासणी, फितूर साक्षीदार यांत आयुष्य गेलं. त्यामुळे साक्ष म्हणजे सत्य नव्हे हे मला कुणी सांगायला नको, पण म्हणून सत्यच नाही, ही उडी मला मान्य नाही.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानच्या हेइआन काळाच्या (आठवं ते बारावं शतक) उतरणीवर, क्योतो नगरीच्या मोडक्या राशोमोन वेशीखाली धो धो पावसात तीन माणसं आडोशाला थांबली आहेत: एक लाकूडतोड्या, एक बौद्ध भिक्षू आणि एक वाटसरू. पहिले दोघे न्यायालयात साक्ष देऊन आलेत. रानात एका सामुराईचा मृतदेह सापडला आहे. ताजोमारू नावाच्या दरोडेखोराने त्याला फसवून झाडीत नेलं, बांधलं आणि त्याच्या बायकोवर बलात्कार केला. पुढे सामुराई मेला कसा, यावर तिघांचे तीन जबाब. दरोडेखोर म्हणतो, मी त्याला द्वंद्वात तलवारीने मारलं. बायको म्हणते, माझा खंजीर हातात होता, मी बेशुद्ध झाले, डोळे उघडले तेव्हा तो त्याच्या छातीत होता. मेलेला सामुराई मांत्रिक बाईच्या तोंडून सांगतो, मी स्वतःच तो खंजीर छातीत खुपसून घेतला. आणि शेवटी लाकूडतोड्या वेशीखाली कबूल करतो की त्याने सगळं पाहिलं होतं. न्यायालयात तो फक्त प्रेत सापडल्याचं बोलला होता.

आता एक वकील म्हणून मला पहिल्याच वेळी जे खटकलं ते सांगतो. माणूस न्यायालयात खोटं बोलतो ते सुटण्यासाठी. इथे तिघेही स्वतःवर घेतात. असे तीन कबुलीजबाब एका खटल्यात मी कधी पाहिले नाहीत. खोटं बोलून यांना मिळतं काय? दरोडेखोराला ठाऊक आहे की आपला शिरच्छेद व्हायचाच आहे. मग मरताना निदान शूर म्हणून मरावं. तो अभिमानाने सांगतो की सामुराईने माझ्याशी तेवीस वेळा तलवार भिडवली, विसाच्या पुढे आजवर कुणी टिकलं नव्हतं. बायकोला आपण असहाय, उद्ध्वस्त पतिव्रता दिसायला हवं आहे. सामुराईला अपमानानंतर स्वतःचा प्राण स्वतः घेणारा मानी पुरुष व्हायचं आहे. जीव वाचवण्यापेक्षा प्रतिमा वाचवणं यांना मोठं वाटतं. याची चुणूक चित्रपट फार लवकर देतो, आणि चर्चेत ती कुणी बोलून दाखवत नाही. ताजोमारूला पकडणारा शिपाई साक्षीत सांगतो की हा घोड्यावरून पडून विव्हळत होता. त्यावर ताजोमारू उसळतो: मी आणि घोड्यावरून पडेन? वाटेतल्या झऱ्याचं पाणी प्यालो, वर कुठेतरी साप मरून पडला असेल, त्याने पोट दुखलं! ज्याच्या मानेवर तलवार आहे तो माणूस घोड्यावरून पडल्याच्या लाजेवरून भांडतो आहे. यात दोन सत्यं आहेत का?

विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मांडतो. कुरोसावा खुनी कोण ते सांगत नाहीत. शेवटी पडदा वर जाऊन खरी हकीकत दिसेल अशी सोय त्यांनी ठेवलेली नाही. शिवाय प्रत्येक जबाब पडद्यावर सारख्याच ठसठशीतपणे घडताना दिसतो, कुठलाही धूसर किंवा स्वप्नवत केलेला नाही. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणायचं? हा आक्षेप खरा आहे आणि त्या काळी तर तो फारच मोठा होता. पडद्यावर भूतकाळ दिसला की तो घडलेलाच असतो, असा प्रेक्षकाचा आणि दिग्दर्शकाचा अलिखित करार होता. त्याच १९५० साली हिचकॉकने ‘स्टेज फ्राइट’मध्ये एक खोटी पूर्वकथा दाखवली तेव्हा फसवणूक झाल्याची तक्रार झाली होती. कुरोसावांनी तर तो करार चार वेळा मोडला. पण मोडून त्यांनी काय सांगितलं? चित्रही साक्षीदाराचंच असतं, तेव्हा त्याचीही उलटतपासणी करा, एवढंच. चार चित्रं दिसली म्हणून चारही घडली असं मानणारा प्रेक्षक चार जबाब वाचून चारही स्वीकारणाऱ्या न्यायाधीशासारखा आहे. आणि या चित्रपटात न्यायाधीश कुठे आहे? तो दिसत नाही, त्याचा आवाजही ऐकू येत नाही. साक्षीदार पांढऱ्या वाळूच्या अंगणात बसून थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे पाहून बोलतात, न ऐकू आलेल्या प्रश्नांची उत्तरं देतात. त्या खुर्चीवर आपल्याला बसवलं आहे. तिथून उठून ‘ज्याचं त्याचं सत्य’ म्हणत बाहेर पडायची मुभा दिग्दर्शकाने दिलेली मला तरी दिसली नाही.

आपल्याकडे या चर्चेत हटकून हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट निघते, अनेकांतवाद निघतो. त्या सभागृहातही निघाला. जैन विचाराचा तो मोठा वारसा आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण म्हणूनच हे साम्य मला पटत नाही. गोष्टीतल्या आंधळ्यांनी हत्तीला खरोखर हात लावला आहे. सोंड लागली त्याने प्रामाणिकपणे सोंडच सांगितली. सगळ्यांचं सांगणं एकत्र केलं तर हत्ती उभा राहतो. ‘राशोमोन’मधले चार जबाब एकत्र करून पाहा: एक माणूस दोन हत्यारांनी, तीन वेगवेगळ्या हातांनी मेल्याचं निष्पन्न होतं. इथे कुणी आंधळं नाही. सगळ्यांनी हत्ती डोळ्यांनी पाहिला आहे आणि प्रत्येक जण तो लपवतो आहे. अनेकांतवाद नम्रता शिकवतो, माझ्या हाती अंशच आहे हे मान्य करायला लावतो. ताजोमारूच्या बढाईला त्याची झूल पांघरणं हा त्या तत्त्वाचाच अपमान आहे.

या कथेची वंशावळ पाहिली तर कुरोसावांनी जाणीवपूर्वक काय बदललं ते कळतं. बाराव्या शतकातल्या ‘कोन्जाकू मोनोगातारी’ या जपानी कथासंग्रहात बायकोला घेऊन ताम्बा प्रांताकडे निघालेल्या एका माणसाची गोष्ट आहे. चोर त्याला झाडाला बांधतो, बायकोवर अत्याचार करतो आणि घोडा घेऊन निघून जातो. त्या गोष्टीत खून नाहीच. दोष नवऱ्याच्या मूर्खपणाला दिला आहे, कारण त्याने अनोळखी माणसाच्या हाती स्वतःचं धनुष्य दिलं. १९२२ साली र्युनोसुके अकुतागावांनी त्यावरून ‘याबू नो नाका’, म्हणजे ‘झाडीत’, ही कथा लिहिली. तिच्यात खून आला, नुसते जबाब आले, आणि निवाडा करणारा कुणीच आला नाही. शिनोबू हाशिमोतो नावाच्या नवख्या लेखकाने तिच्यावर पटकथा लिहिली. ती चित्रपटाला अपुरी पडत होती, म्हणून अकुतागावांच्याच १९१५ च्या ‘राशोमोन’ कथेतली मोडकी वेस तिला जोडली गेली. आणि दोन गोष्टी अशा आल्या ज्या अकुतागावांच्या ‘झाडीत’ कथेत नव्हत्या: लाकूडतोड्याचा चौथा जबाब आणि शेवटचं टाकून दिलेलं बाळ. जपानी भाषेत आज एखाद्या प्रकरणाचा छडा लागत नाही तेव्हा लोक म्हणतात, खरं काय ते ‘याबू नो नाका’, झाडीतच राहिलं. म्हणजे ज्या कथेत कोडं सुटत नाही तिचंच नाव त्यांनी वाक्प्रचाराला दिलं. बाकी जगाने मात्र चित्रपटाचं नाव उचललं, ज्यात त्या झाडीतून बाहेर पडण्याची धडपड आहे.

ही धडपड कशी होते ते बघा. मेलेला सामुराई सांगतो की मी पडलो होतो, कुणीतरी हळूच जवळ आलं आणि छातीतला खंजीर उपसून नेला. हे ऐकून लाकूडतोड्या अस्वस्थ होतो आणि बोलून जातो: खोटं आहे, खंजीर नव्हताच, तो तलवारीने मेला. वाटसरू तिथेच त्याला पकडतो. तुला कसं ठाऊक? मग चौथी हकीकत बाहेर येते. तिच्यात ते दिमाखदार द्वंद्व नाही. दोन घाबरलेले पुरुष थरथरत, धापा टाकत, मातीत सरपटत एकमेकांवर तलवारी उगारतात. त्यानंतर वाटसरू दुसरा प्रश्न विचारतो: शिंपल्याच्या नक्षीचा तो किमती खंजीर गेला कुठे? लाकूडतोड्या निरुत्तर होतो. खंजीर त्यानेच चोरला आहे. ना भिक्षूला ना न्यायालयाला जमलं ते या निर्दय, हसऱ्या वाटसरूने दोन प्रश्नांत केलं. उलटतपासणी असते ती हीच! जो चित्रपट सत्य नसतंच असं सांगतो त्यात एक खोटं इतक्या पद्धतशीरपणे पकडलं कसं जातं?

यावर हुशार माणूस म्हणेल, थांबा. लाकूडतोड्या चोर ठरला, तर ‘तलवार’ म्हणण्यात त्याचाच फायदा आहे. खंजीर छातीत होता असं मान्य केलं की चोरी उघडी पडते. मग त्याची हकीकत कशाला खरी मानायची? मला हा आक्षेप सगळ्यात आवडतो आणि त्याला माझ्याकडे छातीठोक उत्तर नाही. कदाचित सामुराईच खरं बोलत असेल. पण हा आक्षेप घेणारा माणूस काय करतो आहे? तो हेतू तपासतो आहे, मुद्देमाल कुठे गेला ते विचारतो आहे. म्हणजे तो माझ्याच बाजूला येऊन उभा राहिला आहे. आणि राहिली गोष्ट एका बाबतीत खोटं बोलणाऱ्याचं बाकीचं सगळं फेकून देण्याची, तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे की तसा सरसकट नियम भारतात लागू नाही. भुसा आणि दाणे वेगळे करणं हे न्यायालयाचं काम आहे. ते काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. सामुराईच्या छातीवर एकच जखम असणार, तलवारीची किंवा खंजिराची. दोन जबाब एकीकडे, दोन दुसरीकडे. संपूर्ण खटल्यात ती जखम कुणीही पाहिल्याचं आपल्याला दिसत नाही. पंचनामा नाही, वैद्य नाही, नुसती भाषणं. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर त्या जखमेत होतं.

दुसरा आक्षेप स्मृतीचा. माणसं प्रामाणिकपणेही चुकीचं आठवतात, हे आता शास्त्राने दाखवलं आहे. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवली. प्रश्नात ‘आदळल्या’सारखा जोरकस शब्द वापरला तर लोकांनी वेग जास्त सांगितला, आणि आठवड्याने फुटलेल्या काचाही त्यांना जास्त आठवल्या. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. हे मी न्यायालयात असंख्य वेळा अनुभवलं आहे. खरं बोलणारा साक्षीदार शर्टाचा रंग चुकतो. पण इथला मतभेद शर्टाच्या रंगाचा आहे का? आपण माणूस मारला की नाही, हे कुणी अनवधानाने विसरत नाही. आणि हेही पाहा की लॉफ्टसच्या प्रयोगाला अर्थ आहे तो काच फुटली नव्हती हे पक्कं ठाऊक असल्यामुळे. खरं काय ते माहीत नसतं तर चूक मोजली कशाशी असती?

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो दुबळ्यांच्या बाजूने येतो. ‘एकच सत्य’ म्हणणारे बहुधा सत्तेतले असतात, आणि ज्यांना कधी बोलूच दिलं नाही त्यांना ‘माझं सत्य’ म्हणण्याचा अधिकार हवा, असं ते म्हणणं आहे. दलित आत्मकथनांनी मराठीला जे दिलं ते या अधिकारातूनच आलं, हे मी मान्य करतो. पण त्या आत्मकथनांचं बळ कशात होतं? हे घडलं आहे, या गावात, या विहिरीवर, माझ्यासोबत घडलं आहे, या ठासून सांगण्यात. ‘हा माझा एक दृष्टिकोन, तुमचा वेगळा असू शकेल’ असं ती म्हणाली असती तर कुणाची झोप उडाली नसती. सापेक्षतेचा फायदा दुबळ्याला मिळेल असं आपल्याला वाटतं खरं. प्रत्यक्षात ज्याच्याकडे आवाज मोठा त्याचंच ‘सत्य’ उरतं, आणि दुसऱ्याचं खोडून काढायला त्याला पुरावाही लागत नाही.

खुद्द ‘राशोमोन’ हेच दाखवतो. चारही जबाबांत एक गोष्ट समान आहे: त्या रानात एका बाईवर बलात्कार झाला. दरोडेखोर म्हणतो की ती शेवटी वश झाली, पण आपण जबरदस्ती केली हे तोही नाकारत नाही. लाकूडतोड्याची हकीकत तर त्या अत्याचारानंतरच सुरू होते. म्हणजे या सगळ्या प्रकरणात ज्याबद्दल वादच नाही असा गुन्हा तोच एक. आणि आमच्या सभागृहातल्या तासाभराच्या चर्चेत त्याचा उच्चार किती वेळा झाला? एकदाही नाही. सगळं सापेक्ष ठरवण्याच्या नादात जे ठाम होतं तेच नजरेआड झालं. वेशीखालची माणसंही त्याबद्दल फारशी हळहळत नाहीत, हे मला तिसऱ्यांदा पाहताना लक्षात आलं, आणि त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

१९५० सालचा जपानी प्रेक्षक हे कसं पाहत असेल? युद्ध संपून पाच वर्षं झाली होती, देश अमेरिकी ताब्यात होता, शहरं जळालेली होती. तोक्योतला युद्धगुन्ह्यांचा खटला १९४६ ते १९४८ असा अडीच वर्षं चालला होता आणि घराघरांत आपापली हकीकत रचली जात होती. पटकथाकार हाशिमोतोंचे गुरू होते दिग्दर्शक मानसाकू इतामी. हाशिमोतो क्षयाने सैनिकी आरोग्यधामात पडून असताना पटकथा लिहायला शिकले आणि पहिलं लिखाण त्यांनी इतामींना पाठवलं. १९४६ च्या ऑगस्टमध्ये, मृत्यूच्या जेमतेम महिनाभर आधी, आजारी इतामींचा युद्धाच्या जबाबदारीवरचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्याचा आशय असा: जो तो म्हणतो की या युद्धात मला फसवलं, पण मी फसवलं असं म्हणणारा एकही माणूस मला अजून भेटलेला नाही. लोकांना अधिकाऱ्यांनी फसवलं, अधिकाऱ्यांना वरिष्ठांनी, वरिष्ठांना त्यांच्या वरच्यांनी. असं करत गेलं तर शेवटी फसवणारे एक-दोनच उरतील, आणि एक-दोघे साऱ्या देशाला कसे फसवतील? फसवून घेणं हाही दोष आहे, असं इतामींनी लिहिलं. अशा माणसाच्या शिष्याने चार वर्षांनी सत्य सापेक्ष आहे असं सांगणारी पटकथा लिहिली असेल, हे माझ्या बुद्धीला पटत नाही. वरवर पाहता ‘राशोमोन’मध्ये उलट आहे, तिथे सगळे ‘मी केलं’ म्हणतात. पण ‘मला फसवलं’ काय आणि ‘मी शौर्याने मारलं’ काय, दोन्हीकडे माणूस आपल्याच गोष्टीत स्वतःला शोभेल अशी जागा शोधतो आहे.

आणि खुद्द कुरोसावांनी हे सांगून ठेवलं आहे. चित्रीकरण सुरू होण्याआधी, चित्रपट काढणाऱ्या दाइएई कंपनीचे तीन सहायक दिग्दर्शक त्यांच्याकडे आले: आम्हाला ही पटकथा कळत नाही, समजावून सांगा. कुरोसावांनी सांगितलं त्याचा मथितार्थ असा की माणसं स्वतःबद्दल स्वतःशीही प्रामाणिक राहू शकत नाहीत, सजवल्याशिवाय त्यांना स्वतःबद्दल बोलता येत नाही, आणि हा अहंकार मेल्यावरही सुटत नाही. दोघांचं थोडं समाधान झालं, तिसरा घुश्शातच गेला. या उत्तरात सत्याच्या स्वरूपाबद्दल काहीच नाही, बोलणं माणसाच्या दुबळेपणाचं आहे.

चित्रपट घडवतानाचा त्यांचा हट्टही मला याच बाजूचा वाटतो. क्योतोत दाइएईच्या आवारात उभारलेली ती वेस सुमारे ३३ मीटर रुंद आणि २० मीटर उंच होती. पूर्ण छप्पर बांधलं असतं तर खांबांना पेललं नसतं, म्हणून ती अर्धी कोसळलेली दाखवली. तिच्यासाठी चार हजार कौलं खास भाजून घेतली आणि त्यांवर ‘एन्र्याकू १७’ हे वर्ष कोरलं, म्हणजे इसवी सन ७९८. पडद्यावर ते वाचता येणार नव्हतं. पाऊस करड्या आकाशासमोर उठून दिसेना, तेव्हा बंबाच्या पाण्यात काळी शाई मिसळली. नाराच्या रानात झाडांवरून जळवा पडत, म्हणून सगळे अंगाला मीठ चोळून कामाला जात. छायाचित्रकार काझुओ मियागावांनी कॅमेरा थेट सूर्याकडे वळवला आणि आरशांनी ऊन रानात खेचून आणून नटांच्या चेहऱ्यांवर पानांच्या सावल्या नाचवल्या. रानात ऊन-सावलीचा खेळ, न्यायालयात भगभगीत सपाट उजेड, वेशीखाली पाऊस. कौलावरच्या वर्षाने काही सिद्ध होतं असा माझा दावा नाही. पण ज्याला जग हे नुसत्या सांगोवांगीचं वाटतं त्याने कुणालाही न दिसणारं साल चार हजार वेळा का कोरून घ्यावं?

कुणी दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण देईल, आणि ते विचार करायला लावणारं आहे. वर्णद्वेषी राजवट गेल्यावर तिथल्या सत्य आणि सलोखा आयोगाने १९९८ च्या अहवालात सत्याचे चार प्रकार मांडले. पुराव्याचं सत्य त्यांत होतंच, शिवाय माणसाने सांगितलेलं वैयक्तिक सत्यही होतं. म्हणजे चार सत्यं अधिकृतच झाली, नाही का? पण त्याच आयोगाकडे माफी मागायची तर केलेल्या कृत्याची पूर्ण कबुली देणं बंधनकारक होतं. रडणाऱ्या आईला तिची कहाणी तिच्या शब्दांत सांगू देणं एक, आणि तिच्या मुलाला मारणाऱ्याला ‘माझं सत्य वेगळं’ म्हणू देणं दुसरं. पहिलं त्यांनी केलं. दुसऱ्याला वाव ठेवला नाही.

चित्रपटाचा शेवट अनेकांना भाबडा वाटतो. वेशीत एक टाकलेलं बाळ रडतं. वाटसरू त्याचे कपडे ओरबाडतो, आणि लाकूडतोड्या अडवायला गेल्यावर त्याची खंजिराची चोरी त्याच्या तोंडावर फेकून निघून जातो. लाकूडतोड्या बाळाला घ्यायला हात पुढे करतो तेव्हा भिक्षू घाबरून मागे होतो, हा बाळाच्या अंगावरचं उरलंसुरलंही काढून घेईल म्हणून. लाकूडतोड्या म्हणतो, घरी सहा पोरं आहेत, सातवं जड नाही. आणि आपल्याला स्वतःची लाज वाटते, हे तो सांगतो. मीही हा शेवट बरीच वर्षं जोडकाम समजत होतो. आता नाही समजत. जबाब देणाऱ्या चौघांत आपली लाज उघड बोलून दाखवणारा हा एकटा आहे. दरोडेखोराने बोलून दाखवली नाही, मेलेल्यानेही नाही. बाळ त्याच्याच हाती जातं.

कुरोसावांच्या आत्मचरित्राचं जपानी नाव ‘बेडकाचं तेल’ अशा अर्थाचं आहे. एक बेडूक आरशांच्या पेटीत ठेवतात, चहूकडे स्वतःचं ओंगळ रूप पाहून त्याला घाम फुटतो, आणि त्या घामाचं औषध होतं, अशी ती जुनी गोष्ट. हे पुस्तक ‘राशोमोन’पाशी येऊन थांबतं. दाइएईचे प्रमुख मासाइची नागाता यांना चित्रपट कळला नव्हता, ते त्याच्यावर नाराज होते. १९५१ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याला सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पुढे एका मुलाखतीत नागाता या चित्रपटाचं श्रेय स्वतःकडे घेताना कुरोसावांनी दूरदर्शन संचावर पाहिले. आपण ‘राशोमोन’च पाहतो आहोत असं त्यांना वाटलं. मग त्यांनी तोच नियम स्वतःला लावला: मी तरी या पुस्तकात स्वतःबद्दल खरं लिहिलं आहे का? यापुढचा मी माझ्या चित्रपटांत शोधा, असं सांगून त्यांनी लेखणी खाली ठेवली.